ना प्लग, ना क्लच : छोट्या हायब्रिड गाडीचे पहिले आठ महिने

गेल्या सप्टेंबरात आम्ही नवी छोटी हायब्रिड गाडी घेतली. आतापर्यंत पाच हजार तीनशे मैल, म्हणजे साडेआठ हजार किलोमीटर झाले. या काळात सातारच्या नातेवाइकांकडून आणि इथल्या मराठी मित्रांकडून चार प्रश्न हमखास आले. चार्ज कुठे करता? ॲव्हरेज किती देते? घ्यायचीच होती तर सरळ इलेक्ट्रिक का नाही घेतली? आणि चौथा, जरा आवाज उतरवून, "अरे, पण इतकी छोटी का?" प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हणून हा लेख. ब्रिटनमध्ये किंवा युरोपात नव्याने आलेल्या आणि पहिली गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींना त्यातला हिशेब उपयोगी पडेल असं वाटतं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या आकाराच्या हायब्रिड गाड्या आता इथे चार-पाच कंपन्या विकतात आणि मला कोणाची जाहिरात करायची नाही.

आमचं घर आणि आमची गल्ली

आम्ही लंडनच्या पश्चिमेला, चाळीसेक मैलांवर रेडिंगमध्ये राहतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला, बाकी घरून काम. बायको रुग्णालयात नर्स, तिच्या शिफ्ट. मुलगी चार वर्षांची. घर भाड्याचं, लाल विटांचं, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेतलं. हंटली अँड पामर्स हा बिस्किटांचा कारखाना या गावात जोरात चालत होता, त्या काळातली ही घरं. तेव्हा मोटारगाड्याच नव्हत्या, त्यामुळे घरापुढे गाडी लावायला जागा ठेवायचा प्रश्नच नव्हता. दार उघडलं की फूटपाथ, पलीकडे रस्ता. परमिट काढायचं आणि गल्लीत जिथे जागा मिळेल तिथे गाडी लावायची. कधी दारात, कधी तीस घरं सोडून.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे गाडी कुठली घ्यायची, हे आमच्यासाठी निम्मं या गल्लीनेच ठरवलं.

इलेक्ट्रिक का नाही?

मला खरं तर इलेक्ट्रिकच हवी होती. ऑफिसमधले तीन सहकारी इलेक्ट्रिक चालवतात आणि खूश आहेत. पण तिघांच्याही घरापुढे स्वतःचा ड्राइव्ह-वे आहे. रात्री गाडी दारात लावायची, प्लग खुपसायचा, सकाळी बॅटरी भरलेली. रात्रीचा खास दर घेतला तर युनिटला सात-आठ पेन्स पडतात. एका युनिटमध्ये छोटी इलेक्ट्रिक गाडी साधारण साडेतीन मैल जाते. म्हणजे मैलाला दोन पेन्स. इतका स्वस्त प्रवास दुसरा नाही.

आता आमच्यासारख्यांचा हिशेब बघा. घरातून केबल काढून फूटपाथवरून गाडीपर्यंत न्यायची म्हणजे येणारे-जाणारे अडखळून पडणार. कौन्सिलची परवानगी लागते, आणि गाडी दारातच उभी असेल याची खात्री नाहीच. मग उरतात रस्त्यावरचे चार्जर. दिव्याच्या खांबावरचा मंद चार्जर युनिटला पन्नासेक पेन्स घेतो, म्हणजे मैलाला चौदा. मोटरवेवरचा जलद चार्जर पंचाहत्तरच्या आसपास, म्हणजे मैलाला एकवीस. शिवाय घरच्या विजेवर पाच टक्के व्हॅट लागतो आणि सार्वजनिक चार्जरवर वीस. तीच गाडी, तीच वीज. ज्याच्या घरापुढे सिमेंटचा चौकोन आहे त्याला मैलाला दोन पेन्स, आणि ज्याच्या घरापुढे नाही त्याला सात ते दहापट.

आमच्या हायब्रिडला मैलाला दहा पेन्सचं पेट्रोल लागतं. कसं, ते पुढे येईलच. दोन आणि एकवीस यांच्यामध्ये दहा. आमची निवड या तीन आकड्यांवर झाली. उद्या ड्राइव्ह-वे असलेलं स्वतःचं घर झालं तर पुढची गाडी इलेक्ट्रिकच घेईन, हेही सांगून ठेवतो.

"चार्ज कुठे करता?"

कुठेच नाही. या गाडीला प्लगच नसतो. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. माझ्या मावसभावाने तर दोनदा विचारलं, "मग बॅटरी भरते कशी?"

हायब्रिडचे तीन प्रकार बाजारात आहेत आणि तिघांच्या नावात एकच शब्द असल्यामुळे सगळा घोळ होतो. पहिला माइल्ड हायब्रिड. यात छोटी मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, पण नुसत्या विजेवर गाडी चालत नाही. भारतात मारुतीच्या बऱ्याच गाड्यांवर 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेलं असायचं, ते हे. दुसरा प्लग-इन हायब्रिड. मोठी बॅटरी, प्लग लावून भरायची, तीस-चाळीस मैल विजेवर जायचं, मग पेट्रोल. तिसरा आमचा, फुल हायब्रिड, ज्याला भारतात 'स्ट्राँग हायब्रिड' म्हणतात. २०२२ मध्ये तिकडे आलेल्या टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा आणि होंडा सिटीच्या हायब्रिड आवृत्त्या याच जातीच्या.

आमच्या गाडीत दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे आणि दोन मोटर आहेत. एक मोटर चाकं फिरवते. दुसरी इंजिन सुरू करते आणि इंजिन चालू असताना वीज तयार करते. ब्रेक दाबला की चाकं फिरवणारी मोटर उलटं काम करू लागते: गाडीचा वेग कमी करते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत टाकते. साध्या गाडीत ब्रेक दाबल्यावर ही सगळी शक्ती ब्रेक पॅड तापवण्यात वाया जाते. इथे तिचा बराचसा भाग परत मिळतो.

बॅटरी किती मोठी असेल? एक युनिटही नाही! घरी एक हजार वॉटचा हीटर तासभर चालवला तर जेवढी वीज जाते, त्यापेक्षाही कमी वीज तिच्यात मावते. नुसत्या बॅटरीवर गाडी फार तर मैल-दीड मैल जाईल. ऐकणाऱ्याला वाटतं, मग उपयोग काय? माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क प्रचंड मोठी असते आणि प्रोसेसरजवळची कॅशे मेमरी इवलीशी. पण ती क्षणाक्षणाला भरते आणि रिकामी होते, म्हणून कॉम्प्युटर वेगवान वाटतो. ही बॅटरी तशी कॅशे आहे. सिग्नलला थांबताना भरायची, सिग्नल सुटला की वापरायची. दिवसातून शंभर वेळा.

इंजिन आणि दोन मोटर यांना जोडणारा एक ग्रहमालेसारखा गिअर असतो. मध्ये सूर्य, भोवती फिरणारे ग्रह, बाहेर दात असलेलं कडं. सूर्याला एक मोटर, ग्रहांना इंजिन, कड्याला दुसरी मोटर आणि चाकं. कुठल्या क्षणी कोणी किती जोर लावायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं. त्यामुळे क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानात प्रिअस आणली तेव्हापासून ही रचना रस्त्यावर आहे. म्हणजे तंत्रज्ञान नवं म्हणावं तर पावशतक जुनं. न तपासलेल्या कोडपेक्षा पंचवीस वर्षं चाललेला कोड मला जास्त विश्वासाचा वाटतो, त्यामुळे ही गोष्ट माझ्या दृष्टीने जमेचीच.

पहिला आठवडा

शोरूममधून निघताना बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. ना आवाज, ना थरथर. समोर फक्त हिरव्या अक्षरांत 'रेडी' उमटलं. गाडी सुरू आहे यावर विश्वास ठेवायला मला दोन-तीन दिवस लागले. घरी पोचल्यावर बंद करायचं बटण दाबलंय की नाही, हे दोनदा बघायची सवय तर अजून आहे.

दुसरी गंमत डाव्या पायाची. बारा वर्षं क्लच दाबलेला पाय. पहिले काही दिवस प्रत्येक सिग्नलला तो आपोआप उठायचा आणि रिकाम्या जागी टेकायचा.

गाडी गल्लीत शांत असते हे छानच, पण चालणाऱ्याला ती ऐकू येत नाही. म्हणून कमी वेगात, साधारण ताशी वीस किलोमीटरपर्यंत, नव्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांनी मुद्दाम आवाज करायचा असा इथे नियम आहे. आमची गाडी बारीक गुणगुणते. लेक म्हणते, "गाडी ओम म्हणतेय."

पडद्यावर बाणांची आकृती असते. इंजिनाकडून चाकांकडे, चाकांकडून बॅटरीकडे, शक्ती कुठून कुठे चालली ते दिसतं. पहिला आठवडा मी ते बाणच बघत होतो. शेवटी बायको म्हणाली, "रस्ता बघतोस का जरा?" आणि तो पडदा बदलून तिने नकाशा लावला.

गाडी चालवण्याची पद्धत मात्र खरंच बदलली. लांबून लाल सिग्नल दिसला की पाय आधीच उचलायचा, ब्रेक हळू आणि लांबून दाबायचा, म्हणजे वीज जास्त परत मिळते. घाईने करकचून ब्रेक मारला तर नेहमीचे ब्रेक मध्ये येतात आणि शक्ती वाया जाते. प्रवास संपला की गाडी शंभरपैकी गुण देते. आमच्या घरात या गुणांवरून चुरस आहे. बायको सरासरी पंच्याऐंशी, मी अठ्ठ्याहत्तर.

ॲव्हरेजची वही

आता भारतीयांचा सर्वांत लाडका प्रश्न. मी प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर आकडे लिहून ठेवतो. या देशात पेट्रोल लिटरमध्ये विकतात आणि ॲव्हरेज मैल-प्रति-गॅलनमध्ये मोजतात. त्यातही इथला गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकेच्या गॅलनपेक्षा मोठा. म्हणून खालचे आकडे सरळ किलोमीटर-प्रति-लिटरमध्ये देतो.

गावातल्या गावात, वसंतातल्या बऱ्या हवेत : जवळजवळ २५.
मोटरवेवर ताशी सत्तर मैलांनी : १९.
डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, छोट्या फेऱ्या : साडेएकोणीस.
आठ महिन्यांची सरासरी : २२ ला किंचित कमी, म्हणजे ६२ मैल प्रति गॅलन.

साध्या गाडीचा नियम इथे उलटा होतो, हे लक्षात आलं असेलच. ट्रॅफिकमध्ये ही गाडी जास्त चालते आणि मोकळ्या मोटरवेवर कमी. कारण सरळ आहे. मोटरवेवर ब्रेक दाबायची वेळ येत नाही, मग वीज परत कुठून मिळणार? तिथे बहुतेक वेळ पेट्रोलचं इंजिनच राबत असतं. हिवाळ्यात ॲव्हरेज पडतं त्याचंही कारण आहे. आतली हवा गरम करायला इंजिनाची उष्णता लागते, म्हणून एरवी बंद राहिलं असतं तिथेही इंजिन चालू राहतं.

आता पैशाचं. आमचं वर्षाला आठ हजार मैल होईल. जुनी दहा वर्षांची पेट्रोल गाडी ३८ मैल प्रति गॅलन द्यायची. पेट्रोल लिटरला १ पौंड ३७ पेन्स धरलं तर तिला वर्षाला तेराशे पौंड लागायचे. नवीला आठशे. पाचशे पौंडांची बचत. ऐकायला छान वाटतं. शोरूममधला विक्रेताही नेमका एवढाच हिशेब सांगतो.

पण ही तुलना जुन्या गाडीशी झाली. नवीच साधी पेट्रोल गाडी घेतली असती, तीही ४८ च्या आसपास देणारी, तर वर्षाला साधारण एक हजार चाळीस पौंड लागले असते. म्हणजे खरी बचत दोनशे तीस-चाळीस. हायब्रिडसाठी मोजलेले जास्तीचे पैसे दोन हजार धरले, तर ते वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं लागतील. वर्षाला तीन-चार हजार मैलच चालवणाऱ्याचे तर कधीच होणार नाहीत. सरकारी सवलतींचंही आता फारसं काही उरलेलं नाही. हायब्रिडला रोड टॅक्समध्ये दहा पौंडांची सूट होती, ती एप्रिल २०२५ पासून गेली आणि तेव्हा सगळ्यांना सारखेच १९५ पौंड झाले. लंडनच्या मध्यभागात शिरताना कंजेशन चार्ज पूर्ण भरावा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून साऱ्या लंडनभर लागू झालेला दिवसाला साडेबारा पौंडांचा प्रदूषण-कर आम्हाला लागत नाही, पण तो २००६ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांनाही लागत नाही. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गणपतीला जाताना आमची जुनी गाडीही फुकटच जायची.

तेव्हा निव्वळ पेट्रोल वाचवायला कोणी हायब्रिड घेत असेल, तर त्याने आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं. आमच्याकडे दुसरं कारण होतं.

चावी कोणाकडे

भारतीय लायसन्सवर इथे फक्त बारा महिने गाडी चालवता येते. मग पुन्हा लर्निंग, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष परीक्षा. परीक्षेची तारीख मिळायलाच महिनोन् महिने जातात. बायकोने नोकरी, शिफ्ट आणि लहान मूल सांभाळून हे सगळं केलं आणि ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा पास झाली. इथे नियम असा, की ऑटोमॅटिकवर पास झालात तर लायसन्सच्या मागे '७८' हा आकडा छापून येतो. अर्थ : ही व्यक्ती क्लचची गाडी चालवू शकत नाही.

आमची जुनी गाडी क्लचची होती. त्यामुळे घरात लायसन्स दोन आणि ड्रायव्हर एक. तिची शिफ्ट सकाळी सातला. त्या वेळी आमच्या बाजूने थेट बस नाही. मग पावणेसहाला लेकीला झोपेतून उचलायचं, जाड कोट घालून मागच्या सीटवर बांधायचं, आईला सोडायचं आणि परत यायचं. रात्री आठला पुन्हा तेच. टॅक्सीने गेलं तर दिवसाच्या कमाईतला मोठा तुकडा त्यातच जायचा. दोन हिवाळे आम्ही असे काढले. तिला बढतीची एक जागा चालून आली होती, बारा मैलांवरच्या दुसऱ्या रुग्णालयात. "जायचं कसं?" या एका प्रश्नावर तिने ती सोडून दिली.

म्हणून नवी गाडी ऑटोमॅटिकच हवी, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. छोट्या ऑटोमॅटिक गाड्या बघायला लागलो तेव्हा कळलं, की साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकची आणि हायब्रिडची किंमत फार लांब नाही. काही ठिकाणी तर फरक जवळपास मिटतो. आमच्यासाठी वरचा आठ-नऊ वर्षांचा हिशेब तिथेच संपला.

पहिल्या आठवड्यात ती एकटी पहाटे निघाली तेव्हा मी खिडकीत उभा होतो. गाडी न आवाज करता गल्लीच्या टोकाला गेली, इंडिकेटर लागला आणि वळली. लेक वर झोपलेली होती. तिला उठवावं लागलं नाही, एवढंच खरं तर घडलं. मार्चमध्ये त्याच दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा जागा निघाली. या वेळी तिने अर्ज केला आणि आता ती तिथे रुजू झाली आहे. गाडीची मुख्य चावी तिच्या पर्समध्ये असते. सुटी चावी माझ्याकडे.

"इतकी छोटी का?"

आमच्या ओळखीत बहुतेकांकडे मोठ्या गाड्या आहेत. जर्मन एसयूव्ही, पांढरी किंवा काळी. बऱ्याचशा पीसीपीवर. ही इथली पद्धत : थोडं डिपॉझिट, तीन-चार वर्षं मासिक हप्ता, आणि शेवटी एक मोठी रक्कम भरली तरच गाडी तुमची, नाहीतर परत द्यायची किंवा तिच्या बदल्यात नवी घ्यायची. ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण दिवाळीच्या कार्यक्रमात पार्किंगमध्ये "ही तुमची का?" असं विचारताना जो सूर असतो, तो परदेशात दहा वर्षं काढलेल्या प्रत्येकाला ओळखीचा आहे.

आमची गाडी चार मीटरला जराशी कमी. गल्लीत दोन गाड्यांच्या मधल्या फटीत मावते, तिथे मोठी गाडीवाले शेजारी दोन-दोन चकरा मारतात. अर्धे पैसे साठवलेले होते, अर्ध्याचं तीन वर्षांचं कर्ज. घरासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावला नाही.

छोटेपणाचा त्रास होतो, तोही सांगतो. एप्रिलमध्ये आई-बाबा आले. हीथ्रोवर दोघांच्या मिळून चार मोठ्या बॅगा. डिकीत एकच उभी राहिली, दुसरी आडवी बसेना. शेवटी मागची अर्धी सीट पाडली, आई पुढे बसली, बाबा मागे बॅगेला हात लावून. बायको आणि लेक घरीच होत्या म्हणून जमलं. पाचही जण जायचं असेल तर मागे मुलीची सीट, बाबा आणि मी, असे तिघं खांद्याला खांदा लावून बसतो. अर्ध्या तासाच्या वर तसं जाववत नाही. लांब जायचं असेल तर दोन दिवस मोठी गाडी भाड्याने घेतो. वर्षातून दोन-तीन वेळा भाडं भरणं, हे बावन्न आठवडे मोठी गाडी पोसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

न आवडलेल्या गोष्टी

मोटरवेवर चढताना जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एका सुरात ओरडतं आणि वेग मागून येतो. गिअर पडत नसल्यामुळे आवाज आणि वेग यांचा मेळ कानाला लागत नाही. टायरचा आवाजही आत येतो. आईला मागची सीट खोल वाटते. गुडघ्यांमुळे तिला नेहमी पुढेच बसवतो. वेगमर्यादा ओलांडली की टिंग, लेन सुटली की टिंग. हे रोज गाडी सुरू केल्यावर बंद करावं लागतं.

आणि एक महत्त्वाची सूचना, विशेषतः भारतात महिनाभर सुटीवर जाणाऱ्यांसाठी. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय नेहमीची बारा व्होल्टची बॅटरीही असते. गाडीतले कॉम्प्युटर तिच्यावर जागे होतात. गाडी काही आठवडे जागेवर उभी राहिली तर ही छोटी बॅटरी उतरू शकते, आणि मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. डिसेंबरात आम्ही तीन आठवडे साताऱ्याला गेलो तेव्हा सुटी चावी मित्राकडे ठेवली. तो आठवड्यातून एकदा येऊन तासभर गाडी 'रेडी'मध्ये ठेवायचा किंवा फिरवून आणायचा. परत आल्यावर गाडी लगेच सुरू झाली.

बाबांची तपासणी

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं मेकॅनिक होते. डिझेल किती खाल्लं यावर गाडीची तब्येत ओळखणारा माणूस. आल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "बॉनेट उघड." आत जाड नारिंगी केबल दिसल्या. मी म्हटलं, "बाबा, नारिंगीला हात लावू नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात." ते हात मागे बांधून दहा मिनिटं नुसते बघत राहिले.

"क्लच प्लेट?"

"नाही."

"स्टार्टर?"

"नाही."

"डायनामो, पट्टा?"

"नाही."

"ब्रेक पॅडसुद्धा जास्त टिकत असतील मग." हे त्यांनी स्वतःच ओळखलं. थोडा वेळ गेला आणि म्हणाले, "आमच्याकडं घाट उतरताना ब्रेक तापून वास यायचा. त्या तापण्यातनं ही वीज काढती होय? चांगलं आहे. पण मेकॅनिकचं काय काम राहिलं रे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडीतलं निम्मं काम आता माझ्या धंद्यातली माणसं करतात, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही.

आता मात्र ते रोज संध्याकाळी सूनबाईला विचारतात, "आज किती गुण?" नव्वद मिळाले त्या दिवशी म्हणाले, "आमच्या डेपोत असतीस तर डिझेल बचतीचा सत्कार झाला असता तुझा."

मग घ्यावी का?

घरापुढे चार्जिंगची सोय असेल तर इलेक्ट्रिक बघा. वर्षाला तीन-चार हजार मैलच होत असतील तर चांगली वापरलेली पेट्रोल गाडी घ्या. सतत मोटरवेवरच असाल तर हायब्रिडचा फायदा कमी. पण गल्लीत पार्किंग, गावातल्या फेऱ्या, अधूनमधून लांबचा प्रवास आणि घरात ऑटोमॅटिकचं लायसन्स, अशी परिस्थिती असेल तर छोटी हायब्रिड चालवून बघा. विकत घेण्याआधी ज्याला ती रोज चालवायची आहे त्यालाच टेस्ट ड्राइव्हला बसवा. ब्रिटनमध्ये २०३० नंतर निव्वळ पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाड्या विकता येणार नाहीत. हायब्रिडना २०३५ पर्यंत मुभा असल्याचं सरकारने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. तोपर्यंत आमची गाडी दहा वर्षांची झालेली असेल आणि गल्लीतल्या दिव्याच्या खांबांवर बहुधा बरेच चार्जर आलेले असतील.

आई-बाबा ऑक्टोबरात परत जातील. जाताना बॅगा दोनच न्यायच्या, असं आईने आत्ताच जाहीर केलंय. हीथ्रोला त्यांना कोण सोडणार हेही ठरलंय. बाबा म्हणाले, "सूनबाईच सोडील. तू मागं बस."